फेसाळत्या पाण्याची शर्यत

नदीच्या पाण्याचा विषय निघाला, की आपल्या घरांत मोठ्यांच्या तोंडून पहिला शब्द उमटतो तो ‘नको’ हाच. त्यात गैर काही नाही. ज्या पिढीने १९६१ साली पानशेतचे धरण फुटल्याची वार्ता ऐकली, कित्येकांनी तर ते पाणी आपल्या उंबऱ्यावर पाहिले, त्या पिढीच्या मनात वाहत्या पाण्याचा धाक असणे स्वाभाविक आहे. मात्र आज नातवंडे कोलाडहून, ऋषिकेशहून छायाचित्रे पाठवितात, दूरचित्रवाणीवर ऑलिंपिकमधील कयाकच्या शर्यती दिसतात, आणि एखाद्या सुटीत नात सहज म्हणते, “आजी, मला कयाकिंग शिकायला जायचंय.” अशा वेळी ‘नको’ किंवा ‘जा’ यांपैकी कोणताही शब्द उच्चारण्यापूर्वी त्या खेळाची ओळख असलेली बरी. या अंकात ती करून घेऊ.

या ओळखीचा आणखी एक लाभ आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. फेसाळत्या पाण्यात शर्यत लावणारे खेळाडू त्याच पाण्याशी रोज झुंजतात, आणि त्यांना सुखरूप ठेवणारी एक विद्या आहे. त्या विद्येतील चार गोष्टी प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असाव्यात, असे मला वाटते.

सीलच्या कातड्यापासून ऑलिंपिकपर्यंत

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा अथवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलच्या कातड्याचे आवरण, आणि मध्ये एका माणसापुरते बसावयाचे छिद्र. त्या बर्फगार समुद्रात पडलेला माणूस पोहून वाचणे अवघड. म्हणून होडी उलटली तरी तिच्यातून बाहेर न पडता, वल्ह्याच्या आणि कमरेच्या झटक्याने पुन्हा सरळ होण्याची युक्ती त्यांनी शोधली. तिला आज ‘रोल’ म्हणतात. कयाकपटूच्या शिक्षणातील हा अत्यंत महत्त्वाचा धडा आजही तोच आहे.

युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी घडी करता येणाऱ्या कापडी होड्या निघाल्या. त्या आगगाडीतून नेता येत, त्यामुळे आल्प्समधील नद्या शहरी माणसांच्या आवाक्यात आल्या. बर्फावरच्या घसरणीच्या शर्यतीत जशी काठ्यांमधून वळणे घेत उतरावयाचे असते, तशीच शर्यत पाण्यावर का घेऊ नये, या विचारातून १९३२ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘स्लॅलम’ हा प्रकार जन्मास आला. गंमत अशी, की ती पहिली चाचणी झाली ती शांत पाण्यावर. खळाळत्या पाण्याकडे हा खेळ नंतर वळला. पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये जिनिव्हा येथे झाली.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तो १९७२ च्या म्यूनिक स्पर्धेत. त्यासाठी आउग्सबर्ग येथे खास कृत्रिम प्रवाह बांधण्यात आला होता. पूर्व जर्मनीने त्या प्रवाहाची प्रतिकृती आपल्या देशात उभारून सराव केला आणि चारही सुवर्णपदके जिंकली. पुढे वीस वर्षे हा खेळ ऑलिंपिकमधून बाहेर राहिला. १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धेत तो परतला आणि तेव्हापासून टिकून आहे. आता बहुतेक मोठ्या शर्यती अशा बांधीव प्रवाहांतच होतात. लंडन ऑलिंपिकसाठी बांधलेल्या ली व्हॅली येथील प्रवाहाची लांबी ३०० मीटर आणि उतार साडेपाच मीटर आहे. तेथे पंपांच्या साहाय्याने सेकंदाला १३ घनमीटर, म्हणजे १३ हजार लिटर पाणी सोडता येते. पाण्याचे मोठे टँकर आपल्या परिचयाचे आहेत. तसा दहा हजार लिटरचा एक टँकर दर सेकंदाला रिता होतो आहे आणि तरीही थोडे पाणी वर उरते आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

शर्यत कशी पाहावी

या शर्यतींचे मुख्य प्रकार तीन. पहिला स्लॅलम. सुमारे २०० ते ४०० मीटर लांबीच्या प्रवाहावर, पाण्याच्या किंचित वर, दोऱ्यांनी काठ्या टांगलेल्या असतात. काठ्यांची एक जोडी म्हणजे एक दार. अशी १८ ते २५ दारे क्रमाने पार करावयाची. हिरव्या-पांढऱ्या दारांतून प्रवाहाबरोबर जावयाचे आणि लाल-पांढऱ्या दारांतून मात्र वळून, प्रवाहाच्या उलट दिशेने वर यावयाचे. काठीला होडीचा, वल्ह्याचा किंवा अंगाचा नुसता स्पर्श झाला तरी वेळेत दोन सेकंद वाढतात. दार चुकले तर पन्नास सेकंद. शर्यतच जेमतेम दीड-दोन मिनिटांची असल्यामुळे पन्नास सेकंदांचा दंड म्हणजे पराभवच.

दुसरा प्रकार ‘वाइल्डवॉटर’. यात दारे नसतात. नदीचा ठरावीक टप्पा कमीत कमी वेळात उतरावयाचा, एवढाच नियम. लांब पल्ल्याच्या शर्यतीत काही किलोमीटर अंतर असते, तर छोट्या पल्ल्याच्या शर्यतीत काही शे मीटर. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. तिसरा प्रकार सर्वांत नवा, ‘कयाक क्रॉस’. चार खेळाडू उंच उतरंडीवरून एकदमच पाण्यात झेपावतात, एकमेकांना धक्के देत जातात, आणि वाटेत एका ठरलेल्या जागी प्रत्येकाला होडी पूर्ण उलटवून सरळ करावी लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार प्रथमच खेळला गेला.

पडद्यावर पाहताना आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. बसलेला खेळाडू आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे दिसले, तर ती कयाक. गुडघ्यांवर टेकलेला खेळाडू आणि एकाच टोकाला पाते असलेले वल्हे दिसले, तर ती कनू.

ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स ही आजची या खेळातील सर्वांत मोठी खेळाडू. तिचे वडील रिचर्ड फॉक्स हे ब्रिटनचे जागतिक विजेते, तर आई मिरियम यांनी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रान्ससाठी कांस्यपदक मिळविलेले. मुलीला शिकविले ते आईनेच. २०१२ साली अठराव्या वर्षी जेसिकाने कयाकमध्ये रौप्य मिळविले, पण सुवर्ण तिला हुलकावणी देत राहिले. टोकियो येथे अंतिम फेरीत तिचा पाण्यातील वेळ सर्वांत कमी होता. परंतु काठ्यांना झालेल्या दोन निसटत्या स्पर्शांनी चार सेकंद वाढले आणि पदरी कांस्य पडले. त्याच स्पर्धेत दोन दिवसांनी तिने कनूचे सुवर्ण जिंकले, आणि पॅरिसमध्ये कयाक व कनू अशी दोन्ही सुवर्णपदके मिळविली. तिची धाकटी बहीण नोएमी हिने तेथेच कयाक क्रॉसचे सुवर्ण जिंकले. वेगापेक्षा नेमकेपणाला येथे किती मोल आहे, हे या एका घराच्या कहाणीवरून लक्षात यावे.

पाणी वाचावयाचे कसे

उत्तम कयाकपटू प्रवाहाशी बळाने लढत नाही. तो काठावर उभा राहून आधी पाणी वाचतो. नदीच्या मध्यभागी मोठा खडक असेल, तर त्याच्या खालच्या अंगाला पाणी उलटे फिरून संथ होते. या जागेला ‘एडी’ म्हणतात. स्लॅलममधील उलटी दारे बहुधा अशाच जागी टांगलेली असतात. भर प्रवाहातून तिथे शिरावे, क्षणभर आधार घ्यावा, आणि पुन्हा प्रवाहात झोकून द्यावे, हे या खेळातील कौशल्याचे मर्म होय.

आता ज्या गोष्टी आपल्यालाही उपयोगी आहेत, त्या पाहू.

पहिली गोष्ट पाण्याच्या जोराची. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की अंगावर येणारा जोर चौपट होतो. म्हणून काल ज्या ओढ्यात नातू गुडघाभर पाण्यात खेळला, त्याच ओढ्यात आज तेवढ्याच खोल पाण्यात धडधाकट माणसाचाही तोल जाऊ शकतो. खोली पाहून पाण्याचा अंदाज बांधू नये.

दुसरी गोष्ट पायांची. वेगवान पाण्यात पडलेला माणूस सहजप्रेरणेने उभा राहू पाहतो. आपल्या काळ्या कातळाच्या नद्यांत फटी आणि रांजणखळगे पुष्कळ. पाय तेथे अडकला आणि वरून प्रवाहाने रेटले, तर डोके पाण्याखाली जाते. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवितात, की उताणे व्हावे, पाय पृष्ठभागाजवळ आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत, हातांनी कडेकडे सरकावे, आणि पाणी संथ झाल्यावरच उभे राहावे.

तिसरी गोष्ट बंधाऱ्याची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून एकसारखे पडणारे पाणी दिसावयास सुंदर दिसते. अशा सरळ भिंतीवरून भरपूर पाणी वाहत असेल, तर तिच्या पायथ्याशी ते गोल गोल फिरते आणि सापडलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. मोठमोठे धबधबे उतरणारे कयाकपटूदेखील अशा जागी होडी काठावर काढून, खांद्यावर घेऊन, चालत पुढे जातात. जेथे निष्णात माणूस पायउतार होतो, तेथे आपल्या मुलांनी डुंबू नये.

चौथी गोष्ट मदतीची. बुडणाऱ्यामागे उडी घेणे हा मायेचा पहिला आवेग असतो, आणि त्यात कित्येकदा दुसराही जीव जातो. नदीवरील बचावाचा क्रम असा असतो: आधी ओरडून सूचना द्यावी, मग काठी, ओढणी, पंचा जे असेल ते लांब करावे, मग दोर फेकावा. पाण्यात उतरणे हा प्रशिक्षितांचा आणि शेवटचा उपाय.

शरीराला काय लाभते, काय सोसावे लागते

कयाक चालविणे म्हणजे केवळ दंडाचे काम, हा समज बरोबर नाही. वल्ह्याचा प्रत्येक फटका कमरेच्या वरच्या भागाच्या पिळ्यातून येतो. पोटाचे व पाठीचे खोल स्नायू, नितंब, होडीच्या आतून रेटलेले पाय, हे सारे एकत्र राबतात. तोल, श्वासावरील ताबा आणि क्षणार्धात निर्णय घेण्याची सवय, हे त्याचे लाभ.

तोटेही सांगितले पाहिजेत. हात डोक्यामागे किंवा अंगामागे जाऊन वल्ह्याला झटका बसला, तर खांदा निखळू शकतो. म्हणून दोन्ही कोपर अंगालगत आणि हात नजरेसमोर ठेवावयास शिकवितात. मनगटाच्या स्नायुबंधांना सूज, कमरेत दुखणे हेही आढळते. वर्षानुवर्षे थंड पाण्यात राहिल्याने कानाच्या नळीतील हाड वाढते आणि नळी अरुंद होते. त्यासाठी खेळाडू कानांत बोळे घालतात.

हिमालयातील नद्यांचे पाणी फार थंड असते. अशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात दम खेचला जातो, श्वास अनावर होतो, रक्तदाब व हृदयाची गती एकदम वाढते. तरुण माणूस हे सोसतो. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्याने मात्र वैद्यांच्या सल्ल्यावाचून असे साहस करू नये. आपल्या कोकणात थंडीचा प्रश्न नाही, पण पावसाळ्यातील गढूळ पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. अंगावर उघडी जखम असताना अशा पाण्यात जाऊ नये. आणि तेथून परतल्यावर दोन-चार आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळ्यांत लाली आली, तर ‘मी नदीत उतरलो होतो’ ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. ही बाब मुले विसरतात. आपण विसरू नये.

आपल्या देशात हा खेळ

केरळात कोळिकोड जिल्ह्यातील डोंगराळ नद्यांवर पावसाळ्यात मलबार नदी महोत्सव भरतो. तेथे देशोदेशींचे कयाकपटू येतात. ऋषिकेशजवळ गंगेवरही स्पर्धा झाल्या आहेत. मराठी मनाला जवळचे वाटेल असे ठिकाण मात्र महेश्वर. पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या या राजधानीजवळ नर्मदा कातळांतून असंख्य धारांनी फुटते. म्हणूनच त्या जागेला सहस्रधारा म्हणतात. ज्या घाटांवर आपल्या कित्येक वाचकांनी नर्मदास्नान केले असेल, तेथून जवळच आता स्लॅलमच्या काठ्या टांगल्या जातात. खेलो इंडिया युवा स्पर्धेतील स्लॅलमच्या शर्यती २०२३ च्या आरंभी तेथेच झाल्या.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे कुंडलिका नदीवर राफ्टिंग आणि कयाकिंग चालते. वीजनिर्मितीनंतर धरणातून सोडलेल्या पाण्यावर तेथील प्रवाह अवलंबून असतो. म्हणून वेळ पाण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरते, आपल्या सोयीने नव्हे.

होकार देण्यापूर्वी

नातवंडाने परवानगी मागितली, तर पुढील प्रश्न शांतपणे विचारावेत. त्यांची सरळ उत्तरे मिळाली, तर होकार द्यावयास संकोच करू नये.

– शिकविणाऱ्याकडे कयाकिंगचे आणि नदीतील बचावाचे, असे दोन्ही प्रशिक्षण आहे का? त्याच्याकडे प्रथमोपचाराचे शिक्षण आहे का?

– पहिले धडे शांत पाण्यात होतात का? उलटलेल्या होडीतून बाहेर पडण्याचा सराव खळाळात उतरण्यापूर्वी घेतला जातो का?

– लाइफ जॅकेट आणि हेल्मेट मुलाच्या मापाचे आहे का? जॅकेट खांद्यांजवळ धरून वर ओढले असता हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर ते सैल आहे.

– पाणी वाढले तर कार्यक्रम रद्द करतात का, आणि पैसे भरले तरी ‘आज नाही’ असे म्हणण्याची पद्धत तेथे आहे का?

– खाली काठावर दोर घेऊन कोणी उभे असते का? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे?

यांतील चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी वाढले असताना आलेल्या पाहुण्यांना परत पाठविणारा प्रशिक्षक भेटला, तर आपले मूल योग्य हातांत आहे असे समजावे.

आणि आपल्यासाठी

हा खेळ केवळ विशीतल्यांचा आहे, असे मात्र नव्हे. चेक प्रजासत्ताकाची श्तेपांका हिल्गेर्तोवा १९९२ पासून २०१२ पर्यंत सहा ऑलिंपिक खेळली. त्यांत तिने दोनदा सुवर्णपदक मिळविले. लंडनच्या प्रवाहात उतरली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. पाणी वाचावयास वर्षे लागतात, आणि ती वर्षे वाया जात नाहीत.

साठी-सत्तरीत फेसाळत्या पाण्यात उतरावे, असे मी सुचविणार नाही. प्रकृती चांगली असेल आणि सोबत जाणकार असेल, तर लाइफ जॅकेट घालून तलावाच्या शांत पाण्यात वल्हे मारणे अनेकांना जमण्याजोगे आहे. तेही शक्य नसेल, तर या खेळातील एक हालचाल घरी करता येते. हात नसलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर ताठ बसावे, पाय जमिनीवर पक्के टेकवावेत. हलकी काठी दोन्ही हातांनी छातीसमोर आडवी धरावी. मग वल्हे मारल्याप्रमाणे आधी उजवे टोक, मग डावे टोक सावकाश खाली न्यावे, आणि खांद्यांबरोबर छातीही हळूच वळू द्यावी. श्वास रोखू नये. आरंभी दहा वेळा पुरे. हाडे ठिसूळ झाली असतील, मणक्याचा अस्थिभंग झाला असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. रुग्णाची काळजी घेणाऱ्याने समोर बसून त्याच लयीत काठी हलविली, तर दोघांचाही व्यायाम होतो, आणि एरवी औषधांच्या वेळांभोवती फिरणाऱ्या दिवसात दहा मिनिटे निराळी जातात.

आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी खडकाआडच्या त्या संथ पाण्याचाही विचार करावा. स्लॅलमचा खेळाडू एडीत शिरतो, तेव्हा त्याने शर्यत सोडलेली नसते. पुढचा उतार नीट पार पडावा म्हणून तो तेथे वळलेला असतो. आठवड्यातील एखादी दुपार भावंडावर किंवा शेजाऱ्यावर काम सोपवून विसावा घेतला, तर त्यात अपराध मानण्याचे कारण नाही.

पुढचे ऑलिंपिक २०२८ साली लॉस एंजेलिस येथे आहे. स्लॅलमच्या शर्यती मात्र तेथून दूर, ओक्लाहोमा सिटी येथील बांधीव प्रवाहात होणार आहेत. त्या दिवशी नातवंडांबरोबर दूरचित्रवाणीसमोर बसावे. लाल काठ्या दिसल्या, की होडी आता उलटी वळणार, हे तुम्हीच त्यांना आधी सांगावे.